पा पिसमई खानोम चीन का खात नाही

बाजारात बातमी फिरली की पा पिसमई गावकारभार बघणाऱ्या तांबोन कचेरीला फितूर झाली. पुरावा? म्हाताऱ्या याय लमूननं कचेरीविरुद्ध कोर्टात तक्रार टाकली आणि त्याच दिवसापासून पानं तिच्या टपरीवरचं तांदळाच्या शेवयांचं खानोम चीन सोडलं!

साफ खोटं. पा ही माझ्या आईची थोरली बहीण, नखोनच्या प्रशासकीय न्यायालयात प्रकरण अधिकारी. निकाल न्यायाधीश देतात. त्याआधी विचारविचारून खरं वर काढायचं, ते काम पाचं. यायचं प्रकरण तिच्याच टेबलावर आलं, तेव्हा तिनं न्यायाधीशांना आधीच सांगून टाकलं, "साहेब, मी रोज हिच्याकडे जेवते."

"मग आता दुसरीकडे जेवा," साहेब म्हणाले.

तेव्हापासून टपरी आली की पा स्कूटर पिटाळते. मासळीच्या रश्श्याचा वास मागे लागतो ना!

कचेरीचं म्हणणं एवढंच, की टपरी कालव्याच्या सरकारी जागेत आहे, पाडा. यायकडे वकील नाही, आणि तक्रारीत अर्ध्याहून जास्त सुनेची गाऱ्हाणी. पण या कोर्टात बाजू मांडता येत नाही म्हणून कोणी हरत नाही. कोर्ट स्वतःच शोधायला निघतं. तसं ते निघालं आणि थेट टपरीवर आलं. बघायला अख्खा बाजार.

"म्हातारी पाण्यात घुसलीये, साहेब," कचेरीचा इंजिनियर नाकातून बोलला.

पानं मान तिरकी केली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर; याचीच नक्कल करून मी टपरीवर सगळ्यांना हसवते. "याय, पाण्यात मधोमध तो जिना कसला?"

"अगं, तो माझा घाट! तिथेच सुनेनं माझी कढई—"

"सून राहू दे ना, याय. घाट काठाला असतो. हा मधे कसा गेला?"

"कचेरीचं खोदायचं मशीन आलं, काठ खाऊन गेलं. मी काय मशीनशी भांडू?"

"मग हे लिहिलं का नाहीस?"

"तू विचारलंस का?"

न्यायाधीशसुद्धा हसले. मग इंजिनियरकडे वळले, "खोदकामाचे नकाशे आणा."

"सापडत नाहीत, साहेब."

"शोधा. नाहीतर मोजणीवाले आम्ही पाठवतो."

नकाशे लगेच सापडले! टपरी होती तिथेच होती. कालवाच तिच्याकडे चालत आला होता. पाडायचा हुकूम रद्द झाला.

निकाल ऐकल्यावर मी पाला म्हटलं, "आज संध्याकाळी तू टपरीवर दिसणार. पैज!"

"हरलीस तर?"

"तू तिथे खाईपर्यंत तुझी नक्कल बंद."

यायनं मोठी थाळी झाकून ठेवली. संध्याकाळी पाची स्कूटर आली आणि नेहमीसारखी सुसाट निघून गेली.

घरी गेल्यावर मी ओरडलेच. पा थंडपणे कोरडा भात चावत होती. "कचेरीला अपिलाची मुदत आहे ना, नोई. महिनाभर."

"आणि अपील केलं तर?"

"तर तू आणखी गप्प."

आता टपरीवर सगळे मागे लागतात, "ए नोई, पा करून दाखव की!" मी फक्त तोंडात शेवया कोंबते. पाच्या वाटणीच्यासुद्धा.