हे पाणी कोणी पास केलं?

माझ्या मामेसासऱ्यांइतका संशयी माणूस उभ्या जबलपुरात दुसरा झाला नाही. ते तोफगोळ्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. तिथे प्रत्येक गोळ्यावर तपासणाऱ्याचा शिक्का पडे. गोळा फुसका निघाला तर नेमक्या त्याच माणसाची मानगूट धरता यावी म्हणून. मामांनी हा कायदा कारखान्याच्या फाटकाबाहेर राइट टाउनमधल्या घरापर्यंत आणला होता. लग्नाच्या पंगतीत लाडू वाढला की ते विचारत, "हा कोणी पास केला?" रिक्षात बसण्याआधी ब्रेक दाबून बघत, आणि रिक्षावाला "अब बैठिए भी, बाबूजी" म्हणत ताटकळत राही. मला पाहायला आले तेव्हा माझ्या वडिलांनाही त्यांनी तोच प्रश्न माझ्याबद्दल विचारला. वडील शाळामास्तर, त्यांना वाटलं मॅट्रिकबद्दल विचारताहेत. "बोर्डानं, दुसऱ्या वर्गात," ते अभिमानाने म्हणाले. मामांचं समाधान झालं आणि माझं लग्न ठरलं. मामी पदराआड हसत होत्या. "माझ्यावरच शिक्का मारायचा राहून गेला यांचा," असं त्या चारचौघांत म्हणत, आणि मामा लाजत.

मग लढाई आली. कारखाना रात्रंदिवस धडधडू लागला, गावात दिवे झाकले गेले, आणि अशाच एका अंधाऱ्या संध्याकाळी अंगणात पाय घसरून मामींच्या मांडीचं हाड मोडलं. त्यांना ठेवलं तो सरकारी दवाखाना इंग्रजांच्या वेळचा, भिंतींना ओल, नळांना गंज. पण डॉक्टर चांगले होते. हाड नीट जुळलं. प्लास्टर काढायची वेळ आली तेव्हा मामींचे डोळे पिवळे झाले. वॉर्डातल्या आणखी काही बायकांचेही झाले. कोणीतरी हळूच म्हणालं, पाणी खराब आहे.

मामांनी विचारलं, "हे पाणी कोणी पास केलं?" दवाखान्याचे मोठे डॉक्टर म्हणाले, टाकी बांधकाम खात्याची. बांधकाम खातं म्हणालं, टाकी आमची, पण आतलं पाणी पाणीखात्याचं. पाणीखात्याचे साहेब म्हणाले, आमचं पाणी फाटकापर्यंत शुद्ध असतं, पुढचं दवाखान्याला विचारा. सगळीकडे त्यांना अदबीने चहा मिळाला. शेवटी मामा धोतराचा काचा मारून दवाखान्याच्या गच्चीवरच चढले. टाकीला झाकण नव्हतं. आत शेवाळ होतं आणि कबुतराची पिसं तरंगत होती. खालून कंपाउंडर ओरडत होता, "बाबूजी, उतरिए, गिर जाएँगे!" आणि वरून मामा विचारत होते, "ही टाकी कोणाची वो? कोणाची आहे ही?" रोगी खिडक्यांशी जमले. काहीजण हसले.

मोठे डॉक्टर स्वतः बाहेर आले. सज्जन माणूस. मामा उतरल्यावर म्हणाले, "लढाई चालू आहे हो. सध्या सगळा पैसा तोफांकडे."

"तोफांचे गोळे मीच पास करून राहिलो, साहेब," मामा म्हणाले. "गोळा कोणावर पडते, मले माहीत आहे. हे पाणी कोणावर पडून राहिलं, ते सांगा."

त्याच आठवड्यात मामी गेल्या.

लढाई संपल्यावर चौकशी झाली. टाकीला झाकण आलं. इमारत फार जुनी झाली होती, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे दोषी ठरली ती इमारत. मामांनी नोकरी पुरी केली, पण लोकांना प्रश्न विचारणं सोडून दिलं. पंगतीत वाढतील ते निमूट खात. आम्हांलाच चुकल्याचुकल्यासारखं वाटे.

पुढे एकदा थंडीत मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा ते ओसरीवर जवळच्या शहपुऱ्याचे मटार सोलत बसले होते. मीही बसले. सोलता सोलता ते म्हणाले, "तुझी मामी म्हणाली होती, सूनबाई. पाण्याले वास येऊन राहिला म्हणे. मी म्हटलं, सरकारी दवाखाना आहे, काहून कटकट करते? आपणही सरकारीच ना. गिलास मीच लावला तिच्या तोंडाले."

"मामा, ती चूक तुमची नव्हती."

"मग कोणाची?" ते शांतपणे म्हणाले. "इतक्या जणांकडे गेलो, कोणी माझी म्हणालाच नाही. मग मीच ठेवून घेतली."

अंधार पडेपर्यंत आम्ही मटार सोलत राहिलो. एकट्या माणसासाठी ते फारच झाले होते.