अकरा वर्षांचे थेंब

मनगटी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईंना अख्खी गल्ली टिकटिकमावशी म्हणायची. तोंडावर म्हणायची मात्र कुणाची टाप नव्हती. उजव्या डोळ्यात काचबिंदू निघाल्यापासून सकाळ-संध्याकाळ औषधाचे थेंब घालायचा त्यांचा नेम अकरा वर्षांत एकदाही चुकला नव्हता. लेकीच्या लग्नात पाहुण्यांना ताटकळत ठेवून त्यांनी थेंब घातले होते, आणि हे त्या फुशारकीनं सांगत.

गेल्या वर्षी त्याच डोळ्याला धार लागली. डोळ्याला लावलेल्या भिंगात पाणी साचायचं. एकदा तर टपकन थेंब उघड्या घड्याळाच्या चाकांवरच पडला. गिऱ्हाइकं हळूच विचारायची, "घरी सगळं ठीक ना?" मावशींचं डोकं फिरायचं. पाण्यासोबत औषधही वाहून जात असणार म्हणून त्यांनी थेंब दुप्पट केले. पाणी आणखीच वाढलं. शेवटी लेकीनं त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्याच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रात पिचकारीनं पाणी सोडून पाहिलं. ते नाकात उतरेना.

"मावशी, डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी बारीक नळी बंद झालीय. वर्षानुवर्षं थेंब घातले की काही जणांची ती आतून सुजून आकसते."

इतक्या इमानानं घातले, त्याचं हे फळ? मावशींना फार लागलं ते.

"मग आजपासून थेंब बंद!" त्या ताडकन म्हणाल्या. "भिंग लावता येत नसेल तर डोळा काय चाटायचाय?"

"आई, डोळाच जाईल अगं!" लेक रडकुंडीला आली.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे दोन कागद पुढे ठेवले. "हा अकरा वर्षांपूर्वीचा तुमच्या नजरेचा नकाशा, हा आजचा. काळं दिसतंय तिथली नजर गेलेली. काळं वाढलंय का, सांगा."

मावशींनी पिशवीतून भिंग काढलं, डोळा पुसला आणि कुणी नकली घड्याळ खपवत असावं तसे दोन्ही कागद कोपऱ्याकोपऱ्यानं तपासले.

"नाही. तेवढंच आहे."

"काचबिंदूत हे सहज होत नाही. निम्मे लोक वर्षभरातच थेंबांना कंटाळतात. नळीला ऑपरेशननं नवी वाट करून देऊ, औषधही बदलू. पण थेंब सोडायचे नाहीत. ही नजर कुणामुळे टिकली?"

मावशींची मान ताठ झाली.

"माझ्यामुळे!" त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की बाहेर बाकावर बसलेल्यांनीही ऐकलं. मग त्यांनी ऑपरेशनची तारीख मागितली.