बाबांच्या हाताचा व्यायाम

आमच्या बाबांनी जन्मात कधी व्यायाम केला नाही. चाळीस वर्षं सुतारकाम केलं. मी बाहेरच्या खोलीत बायकांचे व्यायामाचे वर्ग सुरू केले तेव्हा ते म्हणाले, "फी त्यांनीच द्यायची आणि घामही त्यांनीच गाळायचा? झकास धंदा आहे बुवा!"

माझी लेक तर त्याच्याही पुढची. तिची पावलं मनगटावरचं घड्याळ मोजतं. आकडा भरला नाही तर बाईसाहेब सोफ्यावर लोळत नुसता हात हलवून भरतात. बाबा तिला म्हणाले, "आमच्या वेळी चालायला पाय लागायचे गं." आम्ही पोट धरधरून हसलो होतो.

मग बाबांना पक्षाघाताचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, पाय महिन्याभरात सावरले, उजवा हात मात्र लुळाच. मी भरवायला गेले की तोंड फिरवायचे. त्यांचं मागणं एकच होतं, आपला घास आपल्या हातानं खायचा. फिजिओथेरपीवाल्या बाई म्हणाल्या, "पहिले सहा महिने महत्त्वाचे. हात चालता ठेवा."

मागच्या खोलीत त्यांचा कामाचा बाक होता. त्यांनी त्यावर एक फळी अडकवली, उजवा हात फडक्यानं रंध्याच्या मुठीला बांधून घेतला आणि डाव्या हातानं रेटा देत रंधा मारायला लागले. फळीचं काही बनवायचं नव्हतं. एक झिजली की दुसरी. सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर. दोन महिन्यांत फडकं सुटलं. एके दुपारी त्यांनी चमचा तोंडापर्यंत नेला. अर्धा सांडला, पण नेला! लेकीनं टाळ्या वाजवल्या.

आणि मी काय केलं? माझा वर्ग चालू असताना मागून ती खर्र खर्र, घरभर भुसा. एकदा वर्गातली एक बाई लाकडाच्या सालपटावरून घसरली. लागलं काही नाही, पण माझं डोकं फिरलं.

"बाबा, हा काय व्यायाम आहे का? एका अंगाला झुकून कंबर मोडून घ्याल. मी जगाला शिकवते आणि माझ्याच घरात हा तमाशा!"

"अगं, हाताला बरं वाटतंय."

"वाटायला काय जातं? शास्त्र असतं त्याला!"

जिभेला हाड नसतं, माझ्या तर नव्हतंच. दुसऱ्याच दिवशी बाक त्यांच्या जुन्या सोबत्याच्या दुकानात धाडला आणि मागच्या खोलीत त्या जागी व्यायामाची सायकल आणून ठेवली. हातासाठी रबरी चेंडू आणला, भिंतीवर तक्ता लावला. बाबा एवढंच म्हणाले, "तुझं काम तुला कळतं बाई."

रोज कामावर हजर झाल्यासारखे ते सायकलवर बसायचे. पाय दणकट झाले. चेंडू मात्र नुसता हातात असायचा, मी बघतेय म्हटलं की दाबायचे. मी म्हणायची, "आळशी झालात हं बाबा." हळूहळू बोटं आत वळायला लागली. ती मला दिसत होती. तरी मी तक्त्यावर खुणा करत राहिले.

झटक्याला सहा महिने झाल्यावर फिजिओथेरपीवाल्या बाईंनी हात तपासला, मागची नोंद काढली. "मध्ये तर छान सुधारत होता! तेव्हा जे करत होतात, ते बंद का केलं?"

मी तोंड उघडलं.

"मीच कंटाळलो हो," बाबा म्हणाले. "पोरीनं खूप केलं माझं. माझ्याच्यानंच झालं नाही."

"आळस नडला बघा, आजोबा. आता या हाताची फार आशा धरू नका."

चाळीस वर्षं राबलेला माणूस खाली मान घालून आळशीपणाचे बोल ऐकून घेत होता. आणि एरवी एकाचे चार सुनावणारी मी, शेजारच्या खुर्चीत बसून राहिले.

बाहेर आल्यावर मी रडायलाच लागले. "खोटं का बोललात?"

"तुझ्याच धंद्यातली बाई ती," बाबा म्हणाले. "तिच्यासमोर तुला खाली बघायला लावू?"

आता रोज दोन्ही वेळा मीच त्यांना भरवते. ते मुकाट्यानं तोंड उघडतात.