दुपारची काचपट्टी

समजा, तुम्हाला एक काम दिलंय. नळाच्या पाइपात आतून बुळबुळीत थर धरतो ना, तो काचेच्या पट्ट्यांवर वाढवायचा. मग त्यावर क्लोरीनचं पाणी सोडायचं आणि त्यातले किती जंतू तगतात ते बघायचं. पट्टी बाहेर काढायची ती भर दुपारी. आणि दुपारी तुम्ही असता शहराच्या दुसऱ्या टोकाला, नोकरीवर. काय कराल?

माझी वहिनी हे काम दुसरीच्या हातून करून घेते. आणि जळते.

ती पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत आहे. शहरभरातून पाण्याचे नमुने येतात, ते तपासते. नमुन्यांच्या रिकाम्या बाटल्या तीच तयार करून पाठवते. प्रत्येकीत आधीच चिमूटभर पांढरी पावडर असते. ती पाण्यातलं क्लोरीन मारते. नाहीतर वाटेतच क्लोरीन जंतूंना संपवेल आणि घाण पाणी चांगलं ठरेल. ऑफिस सुटलं की विद्यापीठ, पीएचडी. उरलेल्या वेळात आमचं घर: दादा, मी आणि पहिलीतली चिमणी.

दुपारच्या पट्ट्या काढते ती विद्यापीठात तिच्याच विभागातली एक मुलगी. पूर्णवेळ संशोधक, एकटी राहणारी. वहिनीने तिचं नाव ठेवलंय मोकळी. अर्थात घरातल्या घरात.

"मोकळीने आज सकाळी दोन पेपर वाचले म्हणे," वहिनी भांडी विसळता विसळता सांगते. "वाचेल नाही तर काय! तिला कुणाचा डबा भरायचाय?"

पण खरी ठिणगी पडली ती वेगळ्याच गोष्टीने. मोकळी सहज म्हणाली होती, "ताई, पट्टी पाण्याबाहेर येते ना, तेव्हा तो थर असा थरथरतो! तुम्ही बघायलाच हवं."

वहिनीच्या वाट्याला येतो तो सुकलेला, रंग दिलेला जांभळा डाग.

"म्हणजे वाढवायचं मी आणि कौतुक बघायचं तिने," ती घरी येऊन म्हणाली. त्यात चिमणी कंगवा घेऊन तिच्यासमोरून दादाकडे गेली. "आई, तू नको. तू ओढतेस. बाबाची वेणी छान होते." दादाने मान खाली घालून निमूट वेणी घातली. खरंच छान झाली होती. वहिनी तिच्याकडे असं बघत होती, जणू ती वेणीही मोकळीनेच घातलीय.

त्याच सुमारास सरांनी, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांनी, सांगून टाकलं: या महिन्याच्या समितीपुढे क्लोरीनचा निकाल ठेवा, नाहीतर मुदतवाढ विसरा. म्हणजे इतक्या वर्षांच्या मेहनतीवर बोळा.

"या खेपेला मी रजा टाकणार," वहिनी म्हणाली. "तिला सांगितलंय, हात लावू नकोस."

"वहिनी, ती मदतच करते ना?"

"तेच तर, भाऊजी! वाईट असती तर निदान मनसोक्त शिव्या घातल्या असत्या."

पाणीसुद्धा तिला विभागातल्या नळाचं नको होतं. तो नळ मोकळीच्या टेबलाला लागून. रजेच्या त्या दिवशी वहिनीने वाटेत आपल्या ऑफिसात जाऊन मुख्य लाइनचं, क्लोरीन घातलेलं पाणी भरून घेतलं आणि जड पिशवी माझ्या खांद्यावर दिली. आम्ही विभागात पोचलो तर मोकळी खिडकीशी एकटीच डबा खात होती. मला बघून म्हणाली, "बरंय ताई. तुमच्यासोबत ओझं उचलायला कुणीतरी येतं."

वहिनीने ते ऐकलं नाही, किंवा ऐकायचं नव्हतं.

तिने पट्ट्यांवर पाणी सोडलं, थांबली आणि चिमट्याने पहिली पट्टी बाहेर काढली. थर जाडजूड, जसाच्या तसा. "बघा! क्लोरीन पचवून बसलाय!" तिचा चेहरा उजळला होता. चिमणी झाली तेव्हा असा पाहिला होता मी.

मोकळी डबा तसाच ठेवून जवळ आली. बराच वेळ बघत राहिली.

"ताई, हा हललासुद्धा नाही. दर वेळी थरथरतो, कडेने सुटतो." मग अगदी हळू, "पाणी कशातून आणलंत?"

वहिनीने पिशवीकडे पाहिलं. आत तिच्याच ऑफिसच्या नमुन्याच्या बाटल्या. पावडर घातलेल्या. भरताना हात आपोआप त्यांच्याकडेच गेला होता. क्लोरीन विभागात पोचलंच नव्हतं. जंतूंनी पचवायला होतंच काय?

ती स्टुलावर बसली. मोकळी हसली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "परत लावू या. समितीला अजून वेळ आहे. दुपारचं मी बघते."

रजा उरली नव्हती. वहिनी "बरं" म्हणाली. तो एक शब्द काढायला तिला किती जड गेलं, ते मी बघितलं.

पट्ट्या पुन्हा लागल्या. निकाल आला, समितीने मान डोलावली, मुदतवाढ मिळाली. पट्ट्या बाहेर आल्या त्या दुपारी वहिनी ऑफिसात दुसऱ्यांचं पाणी तपासत होती.

आता मी विद्यापीठाच्या बाजूला निघालो की ती दारापर्यंत येते.

"भाऊजी, तिला सहज विचारा. माझं नाव घेऊ नका."

"तुम्हीच विचारा की."

"मरेन, पण विचारणार नाही." आणि मग, चिमणीची वेणी दादाच्या हातात गुंफली जात असताना तिकडे न बघता, ती मला पुन्हा तेच विचारते: "पट्टी पाण्याबाहेर येते ना, तेव्हा तो आधी थरथरतो, की आधी कडेने सुटतो?"