बाकावरची रिकामी जागा

शाळेच्या नावानं पोटात उठणारी माझी कळ थांबवली ती वर्गातल्या शिवलिंगनं. आज इथं कोइमतूरला, मी कामाला असतो त्या सोनं गाळायच्या दुकानामागं, गावाकडची घोंगडी धुवायला भिजवली आणि त्या वासासरशी मी जतच्या नववीच्या वर्गात जाऊन बसलो.

त्या दिवशीही पावसानं अंगावरची घोंगडी ओली होती. "मेंढरं आली रं!" म्हणत शेजारची पोरं नाक दाबून उठली. शंभर मेंढरं एका हाकेत वळवणारा मी, पण "बसा की" एवढंही तोंडातून निघेना. तेवढ्यात मागून शिवलिंग दप्तर घेऊन आला. "सरक की गड्या. आमच्या घरात बी ह्योच वास हाय." किराणा दुकानदाराचा पोरगा तो, घरात एक मेंढरू नव्हतं! मला हसूच आलं. त्या दिवशी गणितंही सुटली.

दहावीआधी तो सांगलीला गेला. बाकावर माझ्या शेजारची जागा पुन्हा रिकामी झाली, कळ परत आली, आणि मी शाळाच सोडली. भीती गणिताची होती की त्या रिकाम्या जागेची, अजून उमगत नाही. मीच कुणाला हाक मारली असती तर?

तो आता कुपवाडला कारखान्यात असतो म्हणे. दिवाळीच्या चार दिवस आधीच गावाकडं जाणार आहे. कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत, तो डबा उघडून बसला की त्याला गाठून, ह्या खेपेला मीच आधी म्हणणार, "सरक की गड्या."