शंभर रुपये कमी करा

गीताबाईंच्या उजव्या हातावर उकळती डाळ सांडली तो मंगळवार होता. बुधवारी सकाळी त्या शाळेच्या स्वयंपाकघरात डाव्या हातानं तांदूळ निवडत बसल्या होत्या. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती आणि पट्टीवर पिवळं पाणी फुटलं होतं.

"अहो, घरी थांबायचं ना दोन दिवस," मी म्हणाले.

"थांबले की दुसरी बाई लावतेत, मॅडम. आमी नोकरीत थोडंच हाव? मानधनावर हाव."

सोनपेठ तालुक्यात गोदावरीच्या काठाला आमची शाळा आहे. आठवीपर्यंत वर्ग, पावणेदोनशे मुलं. मी तिथं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. गीताबाई तिथं अठरा वर्षं पोषण आहाराचा स्वयंपाक करतात. पाणी भरणं, निवडणं, शिजवणं, वाढणं, शेवटी तीन मोठी पातेली घासणं. त्यांचे मालक हंगामात गंगाखेडकडं साखर कारखान्यावर कामाला असतात. स्वतः सहावी शिकलेल्या. वर्षातले दहाच महिने मानधन मिळतं. उन्हाळ्यात शाळा बंद, मानधनही बंद. राज्यानं मधूनमधून आपल्या बाजूची थोडी भर घातली, पण केंद्राचा हिस्सा दीड दशकापूर्वी ठरला तो ठरलाच. तेव्हापासून गॅस, तेल, एसटीचं तिकीट, सगळं कुठल्या कुठं गेलं.

हात बरा झाल्यावर गीताबाई तालुक्यातल्या सात बायका घेऊन परभणीला गेल्या. एका कार्यालयात अर्ज दिला. तिथल्या साहेबांनी तो वाचला आणि नीट घडी करून ठेवला.

"मावशी, माझ्या हातात असतं तर आजच वाढवून दिलं असतं. केंद्राचा हिस्सा दिल्लीत ठरतो."

"दिल्लीत कवा ठरतंय, साहेब? कोणत्या दिवशी?"

साहेब हसले. बाजूचे दोन कारकूनही हसले. गीताबाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी खिचडीचं पातेलं उतरवून त्या थेट आठवीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, तुमी पोरांना शिकवताव ना दिल्लीचं? मला दिवस सांगा."

खरं सांगते, मला लाज वाटली. चौदा वर्षं मी फळ्यावर बाण काढून शिकवत होते: लोकसभा, राज्यसभा, राष्ट्रपती. पण ह्या बाईच्या मानधनाचा पैसा नेमका कोणत्या दिवशी, कुणाच्या तोंडून मंजूर होतो, हे मला सांगता येईना. आठ दिवस मागून घेतले आणि शोधून काढलं.

मग एका दुपारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून त्यांना सांगितलं. एक फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडतात. त्यात प्रत्येक खात्याची मागणी असते, आम्हाला वर्षभराला एवढे लागतील अशी. मग संसद काही आठवडे सुटीवर जाते, आणि त्या काळात खासदारांच्या समित्या एकेक खात्याची मागणी तपासून अहवाल देतात. मार्चमध्ये लोकसभेत त्या मागण्यांवर चर्चा होते, मतदान होतं. सगळ्या मागण्या मंजूर झाल्या की त्यांचं एकच विधेयक करतात, विनियोजन विधेयक. ते झाल्याशिवाय सरकारला तिजोरीतून एक पैसा काढता येत नाही.

गीताबाईंनी सगळं ऐकलं. "म्हणजे दोन जागी बोलता येतंय. समितीत आन लोकसभेत."

"बोलता येतं म्हणजे, तिथल्या माणसांना येतं. आपण समितीला पत्र लिहू शकतो."

"मंग लिहू."

पत्र त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. एकही वाक्य मी बदललं नाही. पावणेदोनशे लेकरांचं करायला आम्ही तिघी आहोत, उन्हाळ्यात आम्हाला भूक लागत नाही असं सरकारला वाटतं का, भाजलं तर दवाखाना कुणाचा, असं दीड पान. खाली सही केली, गावाचं नाव घातलं आणि सोनपेठहून रजिस्टर पोस्टानं दिल्लीला पाठवलं.

मार्चच्या मध्यावर समितीचा अहवाल आला. दोनशे पानांच्या त्या अहवालात एक परिच्छेद होता: स्वयंपाकी-मदतनीसांचं मानधन अत्यंत अपुरं आहे, ते वाढवावं, अशी समितीची शिफारस. मी तो मराठीत करून वाचून दाखवला. गीताबाईंनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचला. आमच्याच पत्रामुळं हे झालं असं म्हणता येणार नाही, हेही सांगितलं. त्यांना त्याचं काही नव्हतं. "कुणामुळं का हुईना, कागदावर आलं ना. आता लोकसभेत बोलतील."

मागण्यांच्या मतदानाचा शेवटचा दिवस होता तेव्हा पाच बायका शाळेच्या व्हरांड्यात माझ्या फोनभोवती बसल्या होत्या. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. तोवर चार-पाच खात्यांवरच चर्चा झाली होती. मधले कितीतरी दिवस गोंधळात आणि तहकुबीत गेले होते. शिक्षण खात्याचा नंबर लागलाच नव्हता. मला आतून कळायला लागलं होतं.

सहा वाजले. अध्यक्षांनी उरलेल्या सगळ्या खात्यांच्या मागण्या एकत्र मतदानाला टाकल्या. ह्याला तिकडं गिलोटिन म्हणतात. परदेशात पूर्वी माणसाची मान उडवायचं यंत्र होतं, त्याचं नाव. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणा. होय असा आवाज झाला. प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणा. थोडा आवाज झाला. होय म्हणणारे जिंकले. संपलं.

पार्वतीबाई, आमच्या शाळेतली दुसरी स्वयंपाकीण, फोनकडं वाकून म्हणाल्या, "आपलं कवा हाय?"

"झालं," मी म्हणाले.

"कवा?"

"आत्ता. त्या होयमध्येच होतं."

गीताबाईंचा आवाज चढला. चौदा वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता.

"मला पावणेदोनशे लेकरांना वाढायला पाऊण तास लागतंय, मॅडम. एकेकाचं ताट बघून वाढते मी. कुणाला डाळ आली का न्हाई बघते. आन हेंनी साऱ्या देशाला धा मिनटात वाढलं? कुणाच्या ताटात काय पडलं, बघितलं तरी का?"

मला नियम माहीत आहे. एकतीस मार्चच्या आत पैसा मंजूर झाला नाही तर सरकारचा गाडा थांबतो, म्हणून कुठंतरी वेळेची रेघ ओढावी लागते. मान्य. पण त्या रेघेच्या अलीकडचे दिवस कुणी खाल्ले? आमच्या शाळेत घंटा चुकली तर आम्हाला नोटीस येते. तिथं आठवडे वाया गेले आणि शिक्षा झाली ती व्हरांड्यात बसलेल्या पाच बायकांना.

मे महिन्यात गावात सभामंडपाचं उद्घाटन झालं. आमच्या भागाचे खासदार आले होते. भाषण संपवून ते खाली उतरायला लागले, तेवढ्यात गीताबाई बायकांच्या रांगेतून उठून पुढं गेल्या.

"साहेब, एक विचारायचं हाय. मार्चात मागण्या पास झाल्या, त्या दिवशी सायंकाळी सहाला तुमी सभागृहात होतात का?"

खासदार थांबले. "कोणत्या दिवशी?"

गीताबाईंनी तारीख सांगितली.

"त्या दिवशी मतदारसंघात कार्यक्रम होता बहुतेक."

"म्हणजे होय म्हणायला तुमी न्हवतात, न्हाई म्हणायला बी न्हवतात. मंग आमच्या वतीनं तिथं कोण होतं?"

सरपंच "बसा, बसा बाई" म्हणत पुढं आले. खासदारांनी त्यांना हातानं थांबवलं. एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ते म्हणाले, "ताई, लिहून द्या. पुढच्या अर्थसंकल्पाला मी मांडतो."

त्यांनी खरंच मांडलं. फेब्रुवारीत त्यांचे सहायक शंतनु देशमाने यांचा मला फोन आला. त्यांनी रीत समजावून सांगितली आणि ती गीताबाईंना सांगताना माझीच जीभ अडखळली.

"खासदाराला खात्याची रक्कम वाढवा असं मांडता येत नाही. तो अधिकार सरकारचा. खासदाराला फक्त कमी करा असं मांडता येतं. म्हणून ते शिक्षण खात्याच्या मागणीत शंभर रुपयांची कपात सुचवणार. शंभर रुपये हे निमित्त. त्याच्या आडून तुमचा विषय मांडायचा. त्याला कपात सूचना म्हणतात."

"वाढवून मागायचंय आन म्हणायचं कमी करा?"

"हो."

"म्हणजे उपाशी माणसानं आधी म्हणायचं, माझ्या ताटातला घास काढा. तवा कुठं त्याला तोंड उघडू देणार."

"नको म्हणून कळवू का?" मी विचारलं.

"करू द्या," त्या शेवटी म्हणाल्या. "आमचं नाव तर येईल."

नाव आलं. कपात सूचनांच्या छापील यादीत, खासदाराच्या नावापुढं, एक ओळ: परभणी जिल्ह्यातील शालेय पोषण आहार स्वयंपाकी-मदतनीसांचे मानधन वाढविण्याची गरज. मी तिची छापील प्रत शाळेत नेली. गीताबाईंनी ती ओळ स्वतः, बोट ठेवून, अक्षर लावत वाचली. 'परभणी' ह्या शब्दावर बोट जरा थांबलं.

त्या वर्षीही शिक्षण खात्यावर चर्चा झाली नाही.

शेवटच्या दिवशी सहा वाजता आधी उरलेल्या मागण्यांवरच्या सगळ्या कपात सूचना एकत्र मतदानाला टाकल्या. शेकडो सूचना होत्या. कुणाच्या गावचा रस्ता, कुणाचा दवाखाना, कुणाचं धरण. एका 'नाही'मध्ये सगळ्या फेटाळल्या. मग सगळ्या मागण्या एका 'होय'मध्ये मंजूर. लगेच विनियोजन विधेयक मांडलं, लगेच मंजूर. खासदारांचा नंतर फोन आला. ह्या वेळी ते सभागृहात होते. "मी उठलो होतो ताई, पण वेळ संपली होती."

गीताबाईंची आशा अजून सुटली नव्हती. "आजून राज्यसभा हाय की. तिथं बोलतील."

"बोलतील. पण त्यांना त्यात काही बदलता येत नाही. पैशाचं विधेयक आहे. चौदा दिवसांत परत पाठवावं लागतं."

"राष्ट्रपती?"

"सही करतात. फेरविचाराला परत पाठवता येत नाही."

त्या उठल्या. पातेल्यावर झाकण ठेवलं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "म्हणजे आधी बोलायला येळ न्हाई, आन नंतर बदलायचा अधिकार न्हाई. मंग मधी काय हाय, मॅडम? मधी आमी हाव."

मी ते वाक्य घरी जाऊन वहीत लिहून ठेवलं. पुस्तकात तेवढं स्पष्ट कुठं छापलेलं नाही.

समितीच्या शिफारशीवर सरकारचं उत्तरही यथावकाश आलं. एकच ओळ होती: शिफारशीची नोंद घेण्यात आली आहे. ती ऐकून गीताबाई हसल्या, पण ते हसू बघवत नव्हतं.

"नोंद तर मी बी घेते. रोज किती लेकरं जेवली, वहीत लिहिते. पण मी आधी जेवायला घालते."

ह्या जानेवारीत सोनपेठच्या बाजाराच्या दिवशी तालुक्यातल्या एकवीस शाळांमधून एकेक अशा एकवीस स्वयंपाकिणी एका मंगल कार्यालयाच्या ओसरीवर जमल्या. गीताबाईंनीच गावोगाव निरोप धाडले होते. मी समितीला पाठवायचा चांगला मजकूर तयार करून नेला होता, मुद्देसूद, कलमांसकट. सगळ्यांनी खाली सह्या कराव्यात असा माझा विचार. गीताबाईंनी तो कागद वाचला आणि माझ्या हातात परत दिला.

"चांगला हाय, मॅडम. पण हे नगं. एकसारखं लिहिलं की एकदम गोळा करून उडवतेत. आपण बघितलं ना दोनदा? प्रत्येकीनं आपलं आपलं लिहायचं. वाचायचंच असंल तर एकवीस येळा वाचू द्या."

"सगळ्यांना लिहिता येत नाही."

"जिला येत न्हाई तिनं सांगायचं, दुसरीनं लिहायचं. तिच्याच बोलीत."

दुपारभर बायका लिहीत बसल्या. एकीनं धुरानं अधू झालेल्या डोळ्यांचं लिहिलं. एकीनं लिहिलं की मुख्याध्यापक तिला अजून 'ए बाई' म्हणतात. एकीला आठ महिने मानधनच आलं नव्हतं. एकीनं फक्त दोन ओळी लिहिल्या: मी बावीस वर्षं स्वयंपाक करते. माझ्या हातचं खाऊन एक पोरगी डॉक्टर झाली, तुम्ही काय केलं? मी म्हणाले, शेवटची ओळ जरा सौम्य करू या. ती बाई गीताबाईंकडं बघायला लागली. गीताबाई म्हणाल्या, "राहू द्या तशीच."

पोस्टातल्या बाईंना एकवीस पावत्या फाडाव्या लागल्या. त्या वैतागल्या, मग दिल्लीच्या समितीचा पत्ता वाचून एकेका पत्रावर नीट शिक्के मारत राहिल्या.

केंद्राचा हिस्सा मी हे लिहीपर्यंत वाढलेला नाही. गीताबाई उद्याही साडेनऊला शाळेत येतील. आठवीला मी तोच धडा शिकवते, पण आता बाण काढून थांबत नाही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला काय होतं, तेही सांगते. मुलं विचारतात, "मॅडम, असं कसं चालतं?" मी त्यांना सांगते की हा प्रश्न परीक्षेत येणार नाही, तरी लिहून घ्या.