भिंतीपाशी जमणाऱ्या मुंग्या

बडनेरा स्टेशनाबाहेर एक म्हातारा पुरुषांच्या ताकदीची मुळं विकायचा. येणाऱ्याजाणाऱ्याकडे तो पापणी न हलवता बघत राही. मी तिथेच रेल्वेत कारकून होतो. वर्षभर बायकोजवळ गेलो की शरीर साथ देत नव्हतं. एका दुपारी धीर करून त्याच्यासमोर उभा राहिलो. मी बोलण्याआधीच त्याने मुळांवर फडकं ओढलं.

"तुमाले हे देत नाही," तो हळूच म्हणाला. "तुमी त्या भिंतीपाशी लघवी करून गेले का तिथं मुंग्या जमते. मी रोज पाहून राहिलो. डाक्टरले दाखवा."



अकोल्याच्या डॉक्टरांनी लघवी तपासली. साखर होती. दुबळेपणही त्यामुळेच, म्हणाले.

घरी बायकोला सगळं सांगितलं.

"मले वाटे, मीच तुमाले नकोशी झाली," ती म्हणाली.